इंजिन घट्ट बसवण्याच्या नादात

बायकोच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावू नये, एवढी अक्कल मला आहे. (ही अक्कल परीक्षेच्या दिवशी येते, हा भाग वेगळा.) हिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती, आणि तीही तिसऱ्यांदा. फिरत्या दवाखान्याची गाडी स्वतः चालवत जाणारी नर्स म्हणून तिची निवड झाली होती. फक्त लायसन्स दाखवायचं बाकी होतं. या खेपेला ते मिळालं नाही तर नोकरी दुसरीला जाणार होती. आधी दोन्ही वेळा ती सिग्नलला अडकली. इंजिन बंद पडलं असं वाटून ती चालू गाडीची किल्ली पुन्हा फिरवायची, गाडी कर्रकन ओरडायची आणि परीक्षक पेनाचं टोपण काढायचे.

माझी गाडी दिसायला साधी, पण आत मी इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवून घेतला आहे. पाणीपट्टीच्या खिडकीमागे दिवसभर बसणाऱ्या माणसाला कुठेतरी वेग हवा असतो. त्या टर्बोच्या जोराने गेल्या आठवड्यात एक माउंट फाटला. माउंट म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली रबरी उशी. इंजिनाची थरथर तिथेच जिरते, आपल्यापर्यंत येत नाही. माउंट फाटल्यापासून गाडी सुरू केली की बॉनेटखाली कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं. बदलून आणा, असं हिनेच सांगितलं. "जसा होता तसाच आणा," हे मात्र तिने दोनदा सांगितलं.

मेकॅनिकने काउंटरवर तीन प्रकार मांडले. रबराचे, त्याहून कडक पॉलियुरेथेनचे, आणि चकचकीत ॲल्युमिनियमचे, ज्यांत उशीबिशी भानगडच नाही. रोज रस्त्यावर चालवायची तर रबराचे घ्या, फारच हौस असेल तर मधले, असं तो म्हणाला. शिवाय इंजिनाला एक आणि गिअरबॉक्सला दुसरा असं करू नका. एक बाजू ताठ आणि एक मऊ असली की मधलं तडकतं. (आई आणि बायको यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.) मी ॲल्युमिनियमकडे बोट दाखवलं.

"ते रेसवाल्यांचे," तो म्हणाला. "तुम्हाला झेपायचे नाहीत."

नुसतं 'महाग आहेत' म्हणाला असता तर मी निमूटपणे रबर घेऊन घरी आलो असतो. पण 'झेपायचं नाही' हे मला ऑफिसात साहेब ऐकवतात, घरी सासरे ऐकवतात. पदरचे पैसे मोजून दुकानातही ऐकायचं म्हणजे हद्द झाली. मी इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे, सगळेच्या सगळे ॲल्युमिनियमचे बसवून घेतले.

घरी पोचेपर्यंत माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. सिग्नलला थांबलो तर आरशात मागची एक स्कूटर तीन दिसत होती. गिअर मात्र झकास पडत होते. हिला सांगायचा धीर काही झाला नाही. नवे आहेत, रात्रीतून जरा सैलावतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी हिने किल्ली फिरवली. डॅशबोर्ड, दारं, सीट आणि आम्हा दोघांच्या हनुवट्या एकाच तालात हलू लागल्या.

"हे काय करून आणलंत?"

"परफॉर्मन्स," मी म्हणालो. शब्द चार तुकड्यांत बाहेर पडला.

परीक्षेच्या मैदानापर्यंत ती थरथरतं स्टिअरिंग घट्ट धरून नियम पुटपुटत राहिली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. गेला महिनाभर तिने कणीक मळताना नियम पाठ केले होते. ही नोकरी तिला किती मनापासून हवी होती ते मला माहीत होतं, आणि मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

परीक्षक टोपी नीट करून गाडीत बसले. गाडी वळणाआड गेली. मी बाकावर बसून डाव्या हाताची नखं संपवली, उजव्याची सुरू केली. गाडी परत आली तेव्हा टोपी परीक्षकांच्या मांडीवर होती. ते दाराला धरून उतरले आणि पायाखालची जमीन हलत नाही ना, ते बघत क्षणभर उभे राहिले.

"बाई पास," ते म्हणाले. "सिग्नलला इंजिन चालू की बंद, हा प्रश्न आज कुणालाच पडला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. ही हसत होती, चक्क माझ्याकडे बघून. इथे मी तोंड मिटून उभं राहायला हवं होतं. पण आयतं श्रेय समोर पडलेलं बघून ज्याचा हात पुढे होत नाही असा कारकून अजून जन्मायचा आहे. मी पुढे झालो आणि सांगितलं की माउंट मी स्वतः निवडले, रेसचे.

"म्हणजे गाडी तुमची," म्हणत परीक्षकांनी हात पुढे केला. मी तो आपुलकीने हातात घेतला.

"लायसन्स दाखवा," हात सोडवून घेत ते म्हणाले.

मी दाखवलं. त्यांनी ते आधी डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. त्यांची नजर अजून पुरती थाऱ्यावर आली नव्हती, पण तारीख तेवढी दिसली.

"याची मुदत केव्हाच संपली आहे. तुम्हाला पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागेल. आणि येताना दुसरी गाडी आणा, या गाडीत मी पुन्हा बसणार नाही."

हिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या काचेवर चिकटवलेला लाल 'एल' नखाने अलगद सोडवला, अजून चिकटतोय ना ते बोटाने बघितलं आणि माझ्या हातात ठेवला.

"जपून ठेवा," ती म्हणाली, "आणि मागे बसा."