पाचव्या भागातला कचरा

फीबी गारसाइडनं तीन आठवडे खपून एडविन बूथरॉइडच्या आईला पुसून टाकलं, आणि वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणारे दहा जण होते. हॅलिफॅक्समधल्या मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी 'हार्बरमास्टर' मंडळ जमतं. 'हार्बरमास्टर' ही अवकाशातलं एक बंदर आणि त्याचा प्रमुख यांची मालिका. १९६४ मध्ये ती टीव्हीवर सुरू झाली, दोनदा बंद पडली आणि अजूनही चालू आहे. बाकीच्या देशाला ती सगळीच आवडते. मंडळाला मात्र तिचा चौथा हंगाम आवडतो, जो अस्तित्वातच नाही. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, म्हणून टीव्ही कंपनीनं त्या हंगामाचे बाराच्या बारा भाग पुसले आणि त्याच फितींवर घोड्यांच्या शर्यती भरल्या. मंडळाची प्रत्येक सभा कंपनीचा निषेध करून सुरू होते. तसा ठराव आहे.

एडविन हा अडुसष्ट वर्षांचा निवृत्त बसचालक. सहा वर्षं तो मागच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा आणि गुपचूप निघून जायचा. मार्चच्या सभेत मात्र तो कोटाच्या खिशातून एक रीळ काढून म्हणाला, "घरचं टेपचं यंत्र बिघडलंय माझं. याची कॉपी करून मिळेल का?"

"कशाचं आहे?" चिटणीस लेनर्ड ऑक्लीनं विचारलं.

"चौथा हंगाम, भाग पाचवा. नुसता आवाज आहे. बारा वर्षांचा होतो, टीव्हीसमोर माइक ठेवून भरून घेतला होता."

लेनर्ड बसलेलाच होता, तरी शेजारी बसलेल्या हिल्डानं त्याला धरलं.

"मी करते!" फीबी म्हणाली. सत्तावीस वर्षांची फीबी मंडळातली सगळ्यांत लहान, आणि ध्वनिशास्त्र शिकलेली. चालू स्थितीतलं रिळाचं यंत्र आसपास एकच होतं, खोलीच्या कोपऱ्यातलं. मंडळाचं इतिवृत्त लेनर्ड तीस वर्षं त्याच्यावरच भरत होता. सभा संपल्यावर फीबीनं एडविनचं रीळ त्यावर लावलं, आवाज लॅपटॉपमध्ये उतरवला आणि ती घरी गेली.

तिथंच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण अर्धवट काम तिच्या स्वभावात नाही. फितीत खरखर होती, दाराची करकर होती, कसली तरी टकटक होती आणि चौदाव्या मिनिटाला एक बाई चक्क बोलत होती. पडद्यावर फीबीला या सगळ्याचे आकार दिसत होते. तिनं एकेक आकार उचलून बाजूला केला. बाईला सर्वांत जास्त वेळ लागला, नऊ दिवस. ती काय बोलते आहे हे फीबीनं ऐकलंच नाही. ती किती हर्ट्झवर बोलते आहे, एवढंच पाहिलं.

एप्रिलच्या सभेत निषेध झाला, चहा झाला आणि पाचवा भाग वाजला. छप्पन्न वर्षांनी हार्बरमास्टरचा खर्जातला आवाज इतका लख्ख ऐकू आला की हिल्डाची बिस्किटाची बशी हातातच राहिली. मग त्या टाळ्या.

एडविननं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो जरा पुढे वाकून बसला होता, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा.

"फार छान झालंय," तो म्हणाला. "पण चौदाव्या मिनिटाला काही गेलंय का गं?"

"गेलंय ना!" फीबी खुशीत म्हणाली. "कुणीतरी बाई मधेच कडमडली होती. आता भिंग घेऊन शोधा, सापडायची नाही."

"ती आई होती माझी," एडविन म्हणाला.

मग तोच घाईघाईनं म्हणाला, "नाही, नाही, माफ कर. चूक माझी आहे. आधी सांगायला हवं होतं."

"नाही हो, तुम्ही कसली माफी मागताय! मी विचारायला हवं होतं!"

"तू एवढे कष्ट घेतलेस, आणि मी हे असं..."

"तुम्ही रीळ दिलंत विश्वासानं, आणि मी..."

दोघं दोन मिनिटं एकमेकांची माफी मागत राहिले. शेवटी हिल्डा म्हणाली, "आता पुरे करा. एडविन, आईचा दुसरा आवाज नाही का कुठं?"

"पुढच्याच वर्षी गेली ती," एडविन म्हणाला. "फोटो पाच आहेत. आवाज एवढाच. दर रविवारी लावायचो. यंत्र बिघडलं त्याला आता अकरा रविवार झाले."

त्यानं अकरा हा आकडा अगदी सहज सांगितला. फीबीचे कान लाल झाले.

"तू उतरवून घेतलेला पहिला आवाज तर असेल ना?" लेनर्डनं तिला विचारलं.

"लॅपटॉप भरला होता," फीबी पुटपुटली. "पक्की प्रत झाली म्हणून मी कच्ची पुसली."

"पुसली?" लेनर्ड म्हणाला. हा शब्द त्या खोलीत टीव्ही कंपनीखेरीज कुणासाठी वापरला गेला नव्हता. "अगं पोरी, पुसतात का कधी! बरं, असू दे. मूळ रीळ तर शाबूत आहे. कुठं ठेवलंस?"

"यंत्रावरच होतं. तुम्ही कपाटात ठेवाल म्हणून..."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या सवयीनं लेनर्डनं सभा सुरू होताना रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं होतं. रिळं अजून संथपणे फिरत होती.

"बंद कर, मेल्या!" हिल्डा ओरडली.

लेनर्डनं झेप घेऊन बटण दाबलं, रीळ मागे गुंडाळलं आणि चालू केलं. खणखणीत आवाज आला, त्याचा स्वतःचा: "ज्या नालायकांनी चौथा हंगाम पुसून टाकण्याचा अक्षम्य गुन्हा केला, त्यांचा हे मंडळ तीव्र निषेध करत आहे..."

निषेधानंतर रेडिएटरच्या दुरुस्तीवर वीस मिनिटं चर्चा होती. चौदाव्या मिनिटाला हिल्डा विचारत होती, साखर कुणाला हवी आहे.

लेनर्ड मटकन खाली बसला. "आपण तेच केलं," तो म्हणाला. "अगदी तेच."

"त्यांनी निदान घोडे भरले," हिल्डा म्हणाली. "तू स्वतःला भरलंस."

एडविन उठला. "असू दे रे, लेनर्ड. होतं असं." पण कोटाची बाही त्याला सापडेना, आणि हिल्डानं ती धरून दिली तेव्हा तो तिच्याकडे न बघता "थँक यू" म्हणाला.

"थांबा!" फीबी लॅपटॉप उघडत म्हणाली. "जे काढून टाकलं ते मी पुसलेलं नाही. काढलेल्यात मालिकेचा एखादा तुकडा चुकून गेला नाही ना, हे तपासायला सगळं वेगळं साठवलंय. तपासायचं राहूनच गेलं. फक्त, फाइलचं नाव जरा..." तिनं पडदा हातानं झाकला.

"काय नाव आहे?" एडविननं विचारलं.

"'कचरा पाच'."

"लाव," एडविन म्हणाला, आणि कोटासकट बसला.

आधी बराच वेळ खरखर. मग दार करकरलं, खुर्ची ओढली गेली, विणकामाच्या सुयांची टकटक सुरू झाली. मालिकेचा आता त्यात मागमूस नव्हता. हॅलिफॅक्समधली एक बैठकीची खोली तेवढी होती.

"एडी, इथं बसते रे जरा," एक बाई म्हणाली. आवाज तरुण होता, एडविनच्या मुलीचा वाटावा इतका. "तिकडे गारठून गेले. हा माणूस त्या दारापाशी का उभा आहे?"

लेनर्ड ताठ झाला. पाचव्या भागात दाराचा एक प्रसंग आहे. संवाद नाही, संगीत नाही. संहितेत फक्त एवढंच लिहिलंय: 'दार उघडतं. कोण आलं ते आपल्याला दिसतं.' कोण आलं यावर लेनर्डनं तीन लेख लिहिले होते. तो भाग पाहिलेले दोन म्हातारे सापडले होते. एकाला त्यात एक पाद्री आठवत होता, दुसऱ्याला घोडा.

"बघ बघ, उघडलं दार!" सुया थांबल्या. "अगं बाई! एडी, पाहिलंस का? अरे, हा तर आपला..."

"आई, गप्प बस ना!" एक बारीक, चिरका आवाज किंचाळला. "सगळं बिघडवलंस!"

त्यानंतर काही नाही. थोड्या वेळानं खुर्ची मागे सरकली आणि दार अगदी हळू लागलं.

"आपला कोण?" लेनर्ड जवळजवळ रडकुंडीला आला. "एडविन, तू तिथंच होतास की! कोण आलं होतं?"

"मी पडद्याकडे बघतच नव्हतो. टेपवरच्या आवाजाच्या काट्यावर लक्ष होतं."

"मग नंतर आईला विचारायचंस!"

"दोन दिवस बोललोच नाही तिच्याशी."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, पुढच्या शनिवारपासून मी स्वयंपाकघरात बसू का." एडविन लॅपटॉपकडे बघत होता. "मी म्हटलं, बस."

फीबीनं फाइलच्या दोन प्रती केल्या, मग जरा विचार करून तिसरी केली, आणि पुसलं जाणार नाही अशा तबकडीवर चौथी. एडविननं ती तबकडी आतल्या खिशात ठेवली आणि तो निघाला.

तो दारापर्यंत पोचला तेव्हा लेनर्डनं सावकाश मान वर केली.

"एडविन, पुढच्या शनिवारपासून म्हणजे? तू सहावा भागही भरून घेतलास?"

"पुढचे सगळेच घेतले की. सहा ते बारा."

हिल्डाच्या हातातली बशी आता खाली पडून फुटली. "कुठं आहेत?" लेनर्डनं विचारलं.

"माळ्यावर."

"सहा वर्षं येतोयस इथं! एका शब्दानं बोलला नाहीस?"

"त्यांत काय आहे ऐकण्यासारखं," एडविन म्हणाला. "एकदम स्वच्छ आहेत ते."