गुलाबभाऊंच्या मासोळीची खाच

रोज सकाळी गुलाबभाऊ आमच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीत लाकडाची एक मासोळी सोडत आणि तिला दोऱ्यानं ओढत टाकीच्या कडेकडेनं चालत. पायजमा भिजे, चष्मा नाकावरून घसरे, पण नजर पाण्यावरून हलत नसे. थोडं अंतर जाताच मासोळी कलंडून पोट वर करी. भाऊ म्हणत, "मेली." मग तिला खिशात टाकून, आमच्या हिनं ठेवलेला चहा न घेताच ते निघून जात.

या माणसानं जन्मात मासा खाल्लेला नाही. शेजारी कुणाकडे अंडं फुटलं तरी ते खिडकी लावून घेत.

अमरावतीला आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नागपूरला सासरी. हाताला कागदाखेरीज कशाची सवय नाही. कॅलेंडरचा खिळासुद्धा सुतार बोलावून ठोकून घेतलेला. अशा माणसानं एके दिवशी बाजारातून करवतीची पाती, कानस आणि सावरीच्या हलक्या लाकडाचे तुकडे आणले आणि आमची झोप उडाली. पहाटे पाचला भिंतीपलीकडे खरखर सुरू होई.

"भाऊ, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मासोळी करून राहिलो, सर."

मोबाइलवर पाहून त्यांनी हे उचललं होतं. गळाला पीठ किंवा गांडूळ लावायचं नाही, लाकडाची मासोळी बांधायची. पाण्यातून ओढली की ती खऱ्या मासोळीसारखी वळवळते आणि मोठा मासा तिच्यावर झडप घालतो. वळवळ येते ती तिच्या तोंडाखाली बसवलेल्या पातळ चकतीमुळं. भाऊ तिला जीभ म्हणत. ही जीभ बसवायला लाकडात खाच पाडावी लागते. सगळा घोळ त्या खाचेचा.

"खाच मधात पाह्यजे," ते सांगत. "केसभर सरकली का मासोळी नाही राहत, सर. लाकूड होते."

खाचेनं त्यांना झपाटून टाकलं. कुठंही गेले तरी एक डोळा मिटून वस्तूंचा मध्य शोधायचे. आमच्या दाराची कडी, हिच्या पोळीची घडी, समोरच्या जोश्यांच्या गाडीची नंबरप्लेट, काही सुटलं नाही. एका लग्नात स्टेजवर आहेर द्यायला गेले आणि नवरदेवाचा फेटा दोन्ही हातांनी धरून थोडा डावीकडे सरकवला. म्हणाले, "आता बसला." नवरदेव पुढचा सगळा वेळ मान ताठ ठेवून बसला होता.

जिभेसाठी त्यांना पातळ पण कडक प्लास्टिक हवं होतं. त्याला जुन्या सीड्या उत्तम, असं त्यांना कळलं. कॉलनीतल्या घराघरांतून त्यांनी सीड्या मागून नेल्या. त्यात आमच्या लग्नाची सीडीही गेली. ते लक्षात येईपर्यंत तिच्या जिभा कापून झाल्या होत्या. ही चिडली. भाऊंनी शांतपणे एक जीभ उन्हात धरून दाखवली.

"पाहा वहिनी, कशी चमकून राहिली. तुमचं लग्न पाण्यात फिरंन आता."

हिनं आठवडाभर चहा ठेवला नाही. भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तसाही ते पीतच नव्हते. त्यांना एका जागी बसवतच नव्हतं. बोलता बोलता उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. बोटांना पट्ट्या. कुणी काय झालं विचारलं की म्हणत, "पातं सरकलं." एकदा आमच्याकडे सत्यनारायणाच्या कथेतून मधेच उठून गेले आणि पाचच मिनिटांत भिंतीपलीकडून खरखर ऐकू आली. गुरुजींनी आवाज चढवला.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, बाजारात तयार मिळत असतील की."

"मिळते नं. आणल्या. पण त्या जोरानं ओढा लागते. मले हळू ओढली तरी वळवळणारी पाह्यजे."

"कशाला?"

ते फाटकाकडे निघून गेले.

मग त्यांची चूक त्यांनाच सापडली. ते आधी लाकूड तासून गोल करत आणि मग खाच पाडत. गोल लाकडावर पातं घसरणारच. आता ते चौकोनी ठोकळ्यालाच आधी खाच पाडू लागले. पातं हलू नये म्हणून दोन लाकडी पट्ट्या चिकटवून त्यांनी एक साचा केला. सरळ बाजूंवरून मध्य काढायचा, साच्यातून पातं चालवायचं, आणि मासोळीचा आकार नंतर. "आधी खाच, मंग मासोळी," असं ते भाजीवाल्यालासुद्धा सांगून आले.

त्यानंतर एका सकाळी टाकीतली मासोळी कलंडली नाही. हळूहळू ओढली तरी शेपूट हलवत, अंग थरथरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आम्ही दोघं नवराबायको टाकीशी जाऊन उभे राहिलो. भाऊंनी दोरा माझ्या हातात दिला.

"डोळे मिटा, सर. आन ओढा."

मी मिटले. बोटांना बारीक थरथर लागली, मुठीत चिमणी धरावी तशी.

"कळून राहिलं नं? न पाहता कळून राहिलं नं?"

"कळतंय की."

भाऊ टाकीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "रविवारी अकोल्याले येता काय गाडी घेऊन?"

रविवारी निघालो. मांडीवर डबा, डब्यात मासोळ्या, मागच्या सीटवर गळाची नवी काठी. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा, गाडीला टेकून, त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव अकोल्याला असतो. घरात कुणी मासा खात नसे, पण याला लहानपणापासून गळाचा नाद. धरून आणायचा आणि अंगणात तीन दगडांच्या चुलीवर स्वतः शिजवायचा. हे नुसते सोबत जात, काठावर बसत. दोन वर्षांपूर्वी साखरेनं नामदेवची दृष्टी गेली. तेव्हापासून तो बाजेवरून उठत नव्हता.

"गळाचा तरंग, ते पाण्यावरचं बूच, हललं का ओढा लागते. त्याले तरंग दिसत नाही. म्या म्हटलं, मी पाहतो, मी सांगतो. तं मले म्हणे, तू सांगशीन तवा मी ओढीन, मंग मासा तूच धरला नं, म्या काय केलं?" भाऊंनी कप ठेवला. "बराबर हाय त्याचं."

नामदेव बाजेवरच होता. बायकोनं पाणी दिलं आणि ती दाराशी उभी राहिली. भाऊंनी डबा उघडला. मासोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती चाचपली, जिभेवरून अंगठा फिरवला.

"कोणं केली?"

"म्या."

"तुले तं पेन्सलीले टोक करता येत नव्हतं, दादा."

"शिकलो."

नामदेव बराच वेळ ती हातात फिरवत बसला. मग बायकोला म्हणाला, "माह्या चपला कुठं हायेत वं?"

त्या माउलीला त्या लवकर सापडेनात.

गावाबाहेरच्या तलावावर आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भाऊंनी त्याला तोंड पाण्याकडे करून उभं केलं आणि बाजूला झाले. पहिली फेक काठाशीच पडली. दुसरी लांब गेली. नामदेव हळूहळू दोरा गुंडाळू लागला आणि मधेच थांबला. मान वाकडी करून, काही ऐकत असल्यासारखा.

"जित्ती हाय," तो म्हणाला.

मग तो आम्हाला पाण्याखालचं सांगू लागला. "आता खोल हाय. आता गवत लागलं. इथं गोटा हाय मोठा, त्याच्या बाजूनं आली." आम्हा डोळसांना नुसतं गढूळ पाणी दिसत होतं. भाऊ मागे उभे होते, गळ्यातला दुपट्टा तोंडावर धरून. मी दुसरीकडे पाहिलं.

मासा काही लागला नाही. नामदेवला त्याचं काहीच वाटलं नाही. काठी आवरताना त्यानं विचारलं, "अमरावतीले एकटा काय करतं तू दिवसभर?"

"मासोळ्या करतो."

"त्या इथंबी होतात."

भाऊ गळात अडकलेलं शेवाळ काढत बसले. चिमूटभर शेवाळ, पण ते निघता निघेना.

मी एकटाच परतलो. नंतर त्यांचा फोन आला, साचा आणि पाती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाठवून द्या म्हणून. मी विचारलं, "भाऊ, परत कधी?"

"येतो नं, सर. रोज पिशवी भरतो," ते म्हणाले. "नामा म्हणते, उद्या जाजो."