दिवा बसवावा, पण लावू नये

समुद्री माशांच्या टाकीत यूव्ही दिवा लावावा की लावू नये, हा प्रश्न वरकरणी खाजगी आहे. दातांच्या डॉक्टरांचाही तसाच समज होता. टाकी त्यांची, पाणी त्यांचं, विजेचं बिलही त्यांचंच. फक्त टाकी ठेवलेली होती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट बसतात.

टाकीत प्रवाळ होते, एक आळशी खेकडा होता आणि लिंबू नावाचा पिवळाधमक मासा होता. डॉक्टरांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. डॉक्टर दिसले की तो काचेला तोंड लावून उभा राहायचा. एका सकाळी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, लिंबावर कुणी मीठ भुरभुरावं तसे. हा रोग वेळीच आवरला नाही तर मासा हाती लागत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी ताबडतोब यूव्ही दिवा आणवला. यात पंप टाकीतलं पाणी एका नळीतून फिरवतो, नळीत दिवा असतो आणि पाण्यात तरंगणारे जंतू त्या उजेडात मरतात. जे दगडाला घट्ट चिकटून बसलेत त्यांना काहीही होत नाही. चिकटून बसणाऱ्यांना सगळीकडेच अभय असतं.

पण प्रवाळांच्या पोटात जाणारे तरंगते जीवही मेले तर? डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली आणि त्यांच्या हातून ती चूक झाली.

डॉक्टरांची जन्माची सवय अशी, की प्रश्न विचारायचा तो समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी असताना. "काय, मुलगा काय म्हणतो?" "आँ." संवाद सुखाचा होतो. त्या दिवशी मात्र ते बाहेर येऊन, मोकळ्या तोंडांच्या माणसांसमोर म्हणाले, "काय करावं? लावावा का हा दिवा?"

"लावा की!" गाल सुजलेले वकील म्हणाले. "वाट कसली बघताय?"

"मुळीच नको," दाताला टोपी बसवायला आलेल्या योगाच्या बाई म्हणाल्या. "चांगले जंतूही मरतील. त्यांनी काय घोडं मारलंय?"

"बाई, तुम्ही मासे पाळलेत कधी?"

"नाही. तुम्ही?"

"नाही. म्हणून तर मी निःपक्षपातीपणे बोलू शकतो."

डॉक्टरांची थोरली बहीण पेशंटना नंबर द्यायचं काम करी. ती टेबलामागून म्हणाली, "अरे, माणसाचा दात उपटताना विचारतोस का कुणाला?"

"तो दुसऱ्याचा असतो गं ताई."

दुपारपर्यंत समिती स्थापन झाली. वकील अध्यक्ष. बाहेरचे लोक घुसू नयेत म्हणून सभासदत्वाला एकच अट ठेवली: दात दुखत असला पाहिजे. त्यामुळे वकील दाढ काढू देईनात. दाढ गेली की पद गेलं. गालाचा भोपळा झाला तरी ते म्हणत, "कार्यकाळ पूर्ण होऊ द्या." आतली खुर्ची रिकामी, बाहेरची खोली तुडुंब. डॉक्टर पांढरा कोट घालून मिनरल वॉटर वाटत फिरू लागले. टाकीत लिंबू दगडाला अंग घासत होता.

बाईंनी मुद्दा काढला, की चांगल्या जंतूंची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय घेणं अन्यायाचं होईल. मान्य झालं. टाकीच्या काचेवर, आतून वाचता येईल अशी, नोटीस डकवण्यात आली. नोटीस एवढी ऐसपैस होती की मासा दिसेनासा झाला, त्यामुळे चर्चेत एकाग्रता आली. मुदतीत एकही हरकत न आल्याने चांगल्या जंतूंची संमती गृहीत धरण्यात आली. त्यावर बाईंनी लक्षात आणून दिलं, की वाईट जंतूंनीही हरकत घेतलेली नाही.

"लिंबू खात नाहीये हो," डॉक्टर काकुळतीला आले.

"भावनेच्या भरात बोलू नका," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही हितसंबंधी आहात."

अखेर तोडगा निघाला. दिवा बसवावा, पण लावू नये. टाळ्या पडल्या. दिवा बसला, नोटीस उतरली, आणि बघतात तर लिंबूच्या अंगावर एकही ठिपका नाही!

"बघा, दिवा बसवल्याचा परिणाम!" वकील ओरडले.

"न लावल्याचा!" बाई ओरडल्या.

दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. डॉक्टर मात्र टाकीच्या तळाची वाळू निरखू लागले. ठिपके गळून जातात ते रोग गेला म्हणून नव्हे. ठिपके म्हणजे परजीवी जंतूच; ते खाली वाळूत उतरून पिल्लं काढतात, आणि ती पिल्लं झुंडीने पाण्यात सुटून माशाला शोधतात. दिव्याच्या तावडीत ती सापडतात ती तेव्हाच. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? दाब ना बटण!"

डॉक्टरांनी बटण दाबलं. दिव्याच्या नळीच्या फटीतून निळसर उजेड झिरपला.

"हे कुणाला विचारून?" वकील आणि बाई एका सुरात म्हणाले. त्यांचं पहिलंच एकमत. तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली गेली.

लिंबू हळूहळू खायला लागला, पुन्हा काचेला तोंड लावू लागला. ठिपके परत आले नाहीत. डॉक्टर चौकशीला सामोरे गेले.

"अहो, मासा वाचला की!" ताई न राहवून म्हणाली.

"तो मुद्दा चौकशीच्या कक्षेत येत नाही," वकील सुजलेल्या गालाआडून म्हणाले. "निर्णय चूक की बरोबर, हा प्रश्नच नाही. निर्णय झालाच कसा, हा प्रश्न आहे."

चौकशी अजून चालू आहे. ही हकीकत ज्यांच्या ज्यांच्या कानांवर गेली, त्यांतल्या एकानेही लिंबू हल्ली काय खातो, असं विचारलं नाही. सगळ्यांना हवं होतं ते एवढंच, की दिवा किती वॅटचा. तुम्ही अर्थातच तसे नाही. तुम्ही फक्त मनातल्या मनात ठरवून टाकलंय, वकिलांचं बरोबर की बाईंचं.