साक्षीदार, शंभर वॅटचा

प्रभाकरराव खानझोडे घराबाहेर पडताना चष्मा विसरतात, छत्री विसरतात, क्वचित चपलाही विसरतात. शंभर वॅटचा बल्ब मात्र ते आजवर विसरलेले नाहीत. सदर बल्ब जुन्या टॉवेलात गुंडाळून, होल्डर आणि वायरीसह, कापडी पिशवीत ठेवलेला असतो. माझ्या टेबलावर तो त्यांनी प्रथम मांडला तेव्हा मी विचारले, "हे काय, काका?"

"साक्षीदार," ते म्हणाले. "लिही, मुन्शी."

येथे माझ्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, कलेक्टर कचेरीसमोरच्या निंबाखाली गेली सव्वीस वर्षे मी अर्ज लिहितो. शिक्षण अकरावीपर्यंत झाले. त्यापुढे मला शिकवण्यासारखे शाळेकडे काही उरले नव्हते. दूर कुंडमकडच्या खेड्यांतली माणसे दिवसाची मजुरी सोडून माझ्याकडे येतात, यावरून काय ते समजावे. कचेरीत मला सर्वजण अर्जनवीस म्हणतात. फक्त प्रभाकरराव 'मुन्शी' म्हणतात, आणि दीक्षितपुऱ्यात ते माझ्या समोरच्याच घरात राहत असल्यामुळे तो शब्द गल्लीतही रूढ झाला आहे.

प्रभाकररावांची नोकरी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. समोर आलेला माल मापावा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणावे, एवढेच काम. निवृत्तीनंतर माल यायचा थांबला, निकाल थांबले नाहीत. माझ्या पत्नीचे पोहे पास आहेत. शिरा दोनदा रिजेक्ट झाला. कोणी काहीही विधान केले तरी ते विचारतात, "मापून पाहिलं का?" एका शोकसभेत वक्ता म्हणाला, दिवंगत गृहस्थ मनाने फार मोठे होते. मागच्या रांगेतून तोच प्रश्न आला.

दिवा जळताना दिसला की ते तो विझवतात. दिवा कोणाचा, हा विचार त्यांना गौण वाटतो. माझा पंखा त्यांनी मी त्याखाली बसलेलो असताना बंद केला आहे. पुतणीच्या लग्नात मांडवाच्या दोन झालरी विझवल्या; मुलाकडचे म्हणाले, "नवरदेव दिसत नाही ना, काका!"

"दुपारी दिसला होता. तोच आहे."

बल्बामागचे शास्त्र मात्र निर्दोष आहे. घरातले सर्व बंद करून हा एक बल्ब दहा तास जाळला की मीटर बरोबर एक युनिट पुढे सरकले पाहिजे. न सरकले किंवा जास्त सरकले, तर रिजेक्ट. या कसोटीवर त्यांनी आमच्या गल्लीतली सर्व मीटरे तपासली आहेत. एक वगळून.

ते एक मीटर त्यांचे वडीलबंधू दिवाकररावांचे. रेल्वेतून निवृत्त झालेले दिवाकरराव खाली राहतात, अविवाहित प्रभाकरराव वर. वडिलांनी दोन्ही मुलांना सूर्याची नावे ठेवली. तरीही घरात भांडण झाले ते उजेडावरूनच. जिना सामायिक होता, पण जिन्यातला दिवा प्रभाकररावांच्या मीटरवर होता, आणि संध्याकाळी सातनंतर जिन्याला दिवा कशाला, असे त्यांचे मत होते. अकरा वर्षांपूर्वी कुसुमवहिनी, म्हणजे दिवाकररावांच्या पत्नी, धाकट्या दिरासाठी कढीची वाटी घेऊन अंधारात वर निघाल्या आणि शेवटच्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडले. दिवाकरराव जिन्यात उभे राहून ओरडले, "तुझा उजेड तुझ्यापाशीच ठेव!" ते गल्लीने ऐकले.

मनगट दीड महिन्यात जुळले. भाऊ जुळले नाहीत. पुढे वहिनी दुसऱ्या आजाराने गेल्या. प्रभाकरराव ग्वारीघाटावर, अंत्यविधीला, सर्वांच्या मागे उभे राहिले आणि कोणाशी न बोलता परत आले.

अशा घरात स्मार्ट मीटर आले.

ते बसवणाऱ्या तरुणाची सकाळ वाया गेली. "अंकल जी, चेक होकर आया है," तो म्हणाला.

"मेरे सामने हुआ क्या?"

जुन्या मीटरचा शेवटचा आकडा नोंदवल्याशिवाय, त्याचा फोटो काढल्याशिवाय आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्याशिवाय स्क्रू हलणार नाही, असे ठरले. पंचनामा अर्थातच मी लिहिला. असा पंचनामा प्रत्येकाने करावा, हा माझा सर्वांना सल्ला आहे. नंतर जुना आकडा कोणी सांगत नाही. शेवटी त्या त्रासलेल्या तरुणाने दोन्ही भावांचे मोबाइल नंबर एकाच चिठोऱ्यावर लिहून घेतले. एकाने जिन्यातून सांगितला, दुसऱ्याने खिडकीतून. दोघेही 'कर', दोघेही खानझोडे.

चौथ्या दिवशी प्रभाकरराव मोबाइल घेऊन माझ्या ओट्यावर आले. नव्या मीटरचा वापर मोबाइलमध्ये आलेखात दिसतो: दर अर्ध्या तासाचा एक खांब, आणि तो उगवायलाही अर्धा तास लागतो.

"मुन्शी, हे पाय ना. पहाटे पाचला एवढा उंच खांब. पाचला मी झोपून राहतो. मंग करंट कोण खाऊन राहिलं?"

मी अर्ज लिहिला. त्यातले 'प्रार्थी की निद्रावस्था में कोई अदृश्य उपभोक्ता विद्युत का उपभोग कर रहा है' हे वाक्य मला आजही समाधान देते. खाली 'संलग्न: बल्ब, एक नग' असे लिहिले. वीज कार्यालयातल्या बाबूने अर्ज घेतला, बल्ब परत केला.

उत्तराची वाट न पाहता प्रभाकररावांनी रविवारी कसोटी घेतली. दहा तास बल्ब जळला. भिंतीवरचे मीटर बरोबर एक युनिट सरकले. मोबाइलमध्ये मात्र त्या दहा तासांत अकराच्या सुमाराचा एक उंच खांब आणि फ्रिजचे असावेत असे बारके खांब सोडले तर काहीच नव्हते. "मीटर पास, मोबाइल रिजेक्ट," असे म्हणत ते भिंग घेऊन खाली गेले आणि मोबाइलमधला मीटर क्रमांक भिंतीशी ताडून पाहिला. तो शेजारच्या मीटरचा होता. दिवाकररावांच्या.

भावाभावांचे अदलाबदल झालेले मोबाइल नंबर दुरुस्त करण्याचा पाच ओळींचा अर्ज मी तत्काळ तयार केला. तो त्यांनी पिशवीत ठेवला. "उद्या देतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. महिना झाला, अर्ज पिशवीतच होता, आणि प्रभाकरराव रोज सकाळी माझ्या ओट्यावर अहवाल देत होते.

"अकराला वीस मिनिटं विजेची शेगडी. मंग दिवसभर फ्रिजशिवाय काही नाही. एकदाच जेवते तो, मुन्शी."

"काका, दुसऱ्याच्या मीटरची माहिती पाहणे नियमात बसत नाही."

"मी कुठं पायतो? तपासणी आहे."

"तपासणीचा निकाल काय?"

ते उठले. माझ्या ओट्यावरचा दिवा विझवून गेले.

पौषातली ती सकाळ मला स्पष्ट आठवते. साडेसहाला, नुसत्या बनियनवर, अनवाणी, प्रभाकरराव माझ्या दारात उभे होते. पिशवी हातात होतीच.

"पाचचा खांब नाही आला."

"नेटवर्क नसेल."

"फ्रिजचे बारके खांब आले. पाचचाच नाही आला. रोज पाचला पाणी तापवते तो. एक दिवस चुकला नाही."

"मग दार वाजवा ना, काका. तुमच्याच जिन्याखालचं दार आहे."

ते स्वतःच्या पायांकडे पाहू लागले. "तू जा ना बाप्पा," ते म्हणाले. "तुझ्या लिहिण्याले वजन आहे. बोलण्यालेही असल."

हे त्यांनी मापून सांगितले नव्हते, तरी मी ते मान्य केले. गल्ली ओलांडून दार वाजवले. उत्तर नाही. पुन्हा वाजवले. मागे वळून पाहिले, तर प्रभाकरराव माझ्या ओट्याचा खांब धरून उभे होते. मग कडी वाजली. कानटोपी घातलेले दिवाकरराव हातात रिकामी बादली घेऊन दारात आले. मी तोंड उघडण्यापूर्वी त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले.

"त्याला सांगा, पाणी तापवायचा रॉड जळला. मी आहे."

"पण तुम्हाला कसं कळलं, की ते..."

"काहून नाही कळणार? त्याचं माझ्या मोबाइलमधे येऊन राहिलं. मग माझं कुठं जात असल?"

"मग दुरुस्तीचा अर्ज का नाही दिला? मी आहे ना!"

"तुम्ही आहे म्हणूनच नाही दिला. गल्लीभर वाचून दाखवला असता तुम्ही." त्यांनी बादली खाली ठेवली. "अच्छा, आता विचारलंच आहे तर त्याला हेही विचारा. संध्याकाळी अंधारात बसते का तो? सहापासून रेघ सपाट. रोज पाहतो मी. माणूस वर जिवंत आहे का नाही, समजतच नाही."

मी परत आलो आणि हा निरोप शब्दशः सांगितला. आपल्या पदरचे एकही वाक्य न घालता मजकूर पोचवण्याची माझ्या व्यवसायातली ही पहिलीच वेळ.

"सपाट म्हणाला?"

"सपाट."

"चलो," प्रभाकरराव म्हणाले आणि गेले. माझ्या ओट्यावरचा दिवा चालूच राहिला.

त्याच दिवशी दिवेलागणीला समोरच्या जिन्यात स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी गेलो. प्रभाकरराव स्टुलावर चढून टॉवेल सोडत होते. मी स्टूल धरले आणि सुचवले, "काका, आता नऊ वॅटचा मिळतो. उजेड तेवढाच."

"नऊचा त्याच्या मोबाइलमधे दिसणार नाही. शंभरचा दिसते."

वरच्या होल्डरवर अकरा वर्षांची जळमटे होती. ती त्यांनी टॉवेलाने पुसली. बल्ब चढवता चढवता म्हणाले, "इथलाच आहे हा. तुझ्यापाशीच ठेव म्हणाला होता. ठेवला."

 मी स्टूल आणखी घट्ट धरले.

स्टुलावरून उतरून त्यांनी बटण दाबले. पिवळा उजेड पायऱ्या उतरत खाली गेला. प्रभाकररावांचा हात सवयीने बटणावरच राहिला होता. कसोटी झाली, आता विझवतील, असे मला वाटले. खालचे दार उघडले. दिवाकरराव बाहेर आले. त्यांनी वर पाहिले नाही, बल्बकडे पाहिले नाही. चष्मा वर करून मोबाइलमध्ये पाहिले.

"अर्धा तास लागते दिसायला," प्रभाकरराव मला म्हणाले. मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. एवढ्या मोठ्याने सांगण्याची गरज नव्हती.

खालून आवाज आला, "माहीत आहे. थांबतो मी."

दिवाकरराव सर्वांत खालच्या पायरीवर बसले. प्रभाकररावांनी बटणावरचा हात काढला आणि ते वरच्या पायरीवर बसले. मग दोघे भाऊ त्या लख्ख उजेडात, उजेड मोबाइलमध्ये येण्याची वाट पाहत राहिले.