बडनेऱ्याहून सुटलेली गोळी

आमच्या शेजारच्या दिगंबररावांनी गोळी झाडली की ती दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला पोचायची. मध्ये रविवार आला तर सोमवारी.

गोळी पोस्टकार्डावर असायची. दिगंबरराव अमरावतीत रस्त्यांच्या कामावर ओव्हरसीयर होते आणि अकोल्याच्या तात्यासाहेब वकिलांशी ते टपालाने विमानांची लढाई लढत. तात्यासाहेब हे त्यांचे सासरे. दोघांकडे चौकटी आखलेला एकेक मोठा कागद होता. कागद म्हणजे आकाश. एका कार्डावर एक चाल: डावीकडे वळलो, वर चढलो, गोळी झाडली. एकाचं विमान पडलं की लढाई संपली. ते काही पडत नव्हतं. उत्तर येईपर्यंत दोन्ही विमानं हवेत थांबून असत. पेट्रोलचा प्रश्न मी एकदा काढला होता.

"टपालात असताना पेट्रोल जळत नाही, बाई," दिगंबरराव म्हणाले. तसा नियमच केला होता.

मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. सकाळी माझ्याकडे कामांची यादी असते आणि संध्याकाळी ती खोडलेली असते. त्यामुळे एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत रेंगाळणारं युद्ध पाहून मला अस्वस्थ व्हायचं.

रेंगाळणं दिगंबररावांनाही सोसत नसे. त्यांना वेगाचं वेड. चहा गार झाला की म्हणायचे, "वेग कमी पडला." टांगेवाल्याला तेच, आचाऱ्याला तेच. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मागून त्यांचा आवाज आला होता, "गुरुजी, वेग कमी पडून राह्यला." गावातल्या पेटीतलं टपाल संध्याकाळी निघतं, म्हणून ते सायकल हाणत बडनेऱ्याला जात आणि मेलगाडीच्या टपालडब्यातच कार्ड टाकत. परतल्यावर घाम पुसत मला सांगत, "आज अर्धा दिवस वाचवला."

"त्या अर्ध्या दिवसात काय करणार?"

"वाट पाहणार."

पण नुसतं टपाल वेगवान असून भागत नाही, पलीकडचं डोकंही तसंच लागतं. दिगंबररावांकडे स्लाइड रूलची पट्टी होती. ती सरकवली की उंची, अंतर, कोन, सगळं झटक्यात निघायचं. तात्यासाहेब बोटांवर हिशेब करत आणि मग स्वतःच त्यावर हरकत घेत. शेवटी एका दिवाळीला जावयानेच सासऱ्याला तसली पट्टी भेट दिली. उलटी रीत, गल्लीत चर्चा झाली. तात्यासाहेबांचं कार्ड आलं: "वस्तू नामी आहे. पाठीपर्यंत हात पोचत नव्हता, आता पोचतो."

खरी भांडणं टपालाच्या वेगावरून होत. "ज्या जागी मामाजींनी गोळी मारली, थे जागा मी परवाच सोडली," दिगंबरराव मला कागद दाखवून सांगत. तात्यासाहेबांचा मुद्दा कायद्याचा: गोळी सुटली ती तारीख पोस्टाच्या शिक्क्याची धरायची, की कार्ड हातात पडल्याची? यावर बरीच कार्डं खर्ची पडली. एकदा जावयाचं विमान शेपटाशी आलेलं पाहून त्यांनी कोर्टात मागतात तशी सरळ पुढची तारीख मागितली. दिगंबररावांनी दिली. दोन विमानं वाटेतल्या मूर्तिजापूरच्या आकाशात आठवडाभर लटकत राहिली. एका पावसाळ्यात रूळ खचले आणि तुंबलेली कार्डं एकदम आली, तीही उलटसुलट. "मामाजींनी मले आधी गोळी मारली," दिगंबरराव म्हणाले, "आन मंग मी त्यायले दिसलो."

तरी जावई तो जावई. कार्डाची भाषा कधी सुटली नाही. "जवाईबापूंस आशीर्वाद. तुमच्या शेपटावर आहे. गोळी मारतो, राग मानू नये. दूध घेत जावे."

हे सुरू कसं झालं ते दिगंबररावांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची बायको कुसुम, म्हणजे तात्यासाहेबांची एकुलती मुलगी, टायफॉइडने गेली. मूलबाळ नव्हतं. सासू आधीच गेलेली. पुढच्या दिवाळीला रीत म्हणून जावई अकोल्याला गेला. दोघं समोरासमोर बसले. पाऊसपाणी बोलून झालं, कापसाचे भाव बोलून झाले, आणि तिचं नाव कोणीच काढेना. दिगंबरराव महायुद्धाच्या काळात विमानतळावर दुरुस्तीच्या कामाला होते. शेवटी त्यांनी पानाच्या डब्यातली सुपारी उचलली आणि एक विमान दुसऱ्याच्या मागे कसं लागतं ते दाखवलं. तात्यासाहेबांनी लवंग उचलली. गाडीची वेळ झाली तेव्हा सुपारी लवंगेच्या मागे होती.

"बाकीचं कार्डानं कळवा," तात्यासाहेब म्हणाले.

मग आमच्या शाळेत टेलिफोन आला. मी दिगंबररावांना म्हटलं, "रविवारी ट्रंक कॉल लावू. एका बैठकीत निकाल. वेगाचा प्रश्नच मिटला."

"हो, मिटला," ते म्हणाले आणि पट्टी पुसत बसले.

अकोल्याला तात्यासाहेबांच्या शेजारी डॉक्टर होते, त्यांच्याकडे फोन होता. रविवारी सकाळी दिगंबररावांनी माझ्या टेबलावर आकाश पसरलं. कॉल लागला. तात्यासाहेबांचा यंत्रावर विश्वास नव्हता. अमरावतीपर्यंत आवाज ते स्वतःच पोचवत होते. दिगंबररावांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"डावीकडे वळलो, जवाईबापू!"

"मी वर चढलो, मामाजी."

"मी खाली आलो!"

"मी मागं आलो."

टपालाने जे दसऱ्याला सुरू होऊन संक्रांतीपर्यंत चाललं असतं, ते एका चहात झालं. तात्यासाहेबांचं विमान कागदाच्या कोपऱ्यात सापडलं. वळायला जागा नव्हती. पट्टी न सरकवता मलाही ते कळत होतं.

"पाह्यलं मी," अकोल्याहून आवाज आला. "आता वाचत नाई. मारा."

दिगंबररावांनी पट्टी उचलली आणि परत ठेवली.

"मारा नं, जवाईबापू. काहून थांबले?" आणि मग, पहिल्यांदाच इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "मंग संपलं म्हणायचं."

दिगंबररावांनी कागदाकडे पाहिलं. रिसीव्हर तोंडाशी धरला आणि ओरडले, "हॅलो! मामाजी! तुमचा आवाज येऊन नाई राह्यला! लाइन खराब हाय!"

मग तिकडून, कोर्टातल्या आवाजात, खणखणीत:

"मलेबी तुमचा आवाज येऊन नाई राह्यला, जवाईबापू! अजिबात नाई! कार्ड टाका!"

दिगंबररावांनी रिसीव्हर ठेवला आणि कागदाची घडी घातली. "पाह्यलं, बाई? वेग हाय, पण भरवसा नाई."

"खरं आहे," मी म्हटलं.

माझ्याच टेबलावर बसून त्यांनी कार्ड लिहिलं. सायकल बाहेर उभी होती, ती तशीच ठेवून ते चालत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले. त्या पेटीतलं टपाल रविवारी निघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.