पाण्याने पारखलेला पंप

वस्तूची निवड तिच्या गुणांवरून होते, असा एक समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. तो ज्यांनी रूढ केला त्यांना लग्नाची मुलगी नसावी, आणि असलीच तर मोटार नसावी. सोलापूरचे निवृत्त हेडक्लार्क आबासाहेब यांना दोन्ही होत्या.

मुलीचे नाव लीला. तिचे लग्न ठरायला एक संध्याकाळ पुरली. कुर्डुवाडीहून पाहुणे आले. त्यांनी लीलेला चार पावले चालायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला आणि पोहे कोणी केले, असे विचारले. (पोहे शेजारणीने केले होते, परंतु प्रश्न लीलेकडे पाहून विचारला गेल्यामुळे श्रेय तिच्या नावे जमा झाले.) आबासाहेबांनीही आपल्या बाजूने पारख केली. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीस असलेल्या नवऱ्या मुलाला, हिंदुरावांना, त्यांनी, क्वार्टरात नळ आहे काय, असे विचारले. नळ होता. दोन्ही पक्षांचे पूर्ण समाधान झाले व सुपारी फुटली.

निघताना वरमाई मथुराबाई उंबऱ्यात थबकल्या.

"पोराची वरात मोटारीतनं निघाली पायजे, पाव्हणं. आन् मोटार काळी नगं. शुभकार्याला काळं चालत न्हाय. काळी दिसली, तर आमी आल्या पावली माघारी."

आबासाहेबांची मोटार काळी होती. गिरणीतला एक साहेब विलायतेस परत जाताना ती त्यांच्या गळ्यात बांधून गेला होता, आणि ती इतकी काळी होती की सूर्यास्तानंतर तिचे दार हाताने चाचपून शोधावे लागे.

तेव्हा रंग बदलणे प्राप्त झाले. कुंचल्याने दिलेला रंग वाळायला दिवस लागतात, आणि वैशाखात सोलापुरातली कोणतीही ओली वस्तू फार काळ मालकाची राहत नाही, ती धुळीची होते. मुंबईत मोटारींवर रंग यंत्राने फवारतात व तो पाहता पाहता वाळतो, असे ऐकिवात होते. म्हणून आबासाहेबांनी घरच्या घरी, माफक खर्चात रंग फवारण्याचे साधन निवडण्यासाठी एक मंडळ नेमले. अध्यक्ष शेजारचे वेणीमाधव वकील. सभासद चादरींचे व्यापारी सिद्धप्पा. दोघांनीही जन्मात काही रंगवलेले नसल्यामुळे त्यांचे मत सर्वस्वी निःपक्षपाती होते.

मंडळापुढे चार उमेदवार आले.

पहिली, मुंबईच्या सूचिपत्रातली फवारणीची बंदूक. हिच्याबरोबर हवा दाबून भरण्याचे वेगळे यंत्र घ्यावे लागे, म्हणजे वाराही विकत घ्यावा लागे. आबासाहेबांनी आयुष्यात वाऱ्याला पैसे मोजले नव्हते. शिवाय गावात चारच वर्षांपूर्वी लष्करी कायदा होऊन गेलेला. नावात बंदूक असलेली वस्तू पेन्शनर माणसाच्या घरी टपालाने येणे अध्यक्षांना प्रशस्त वाटेना. बाद.

दुसरी, वकिलांच्या घरची डास मारण्याची पिचकारी. ती चालत असे. तथापि डास मरत नसत. शिवाय वस्तू सामान्य, म्हणून बाद.

तिसरी, वकिलांच्याच सासुरवाडीची चांदीची गुलाबदाणी. घराणे उत्तम. तिने अख्खी मोटार रंगवायला पुढचा वैशाख उजाडला असता, हा एकच आक्षेप निघाला. आणि तोही अध्यक्षांनी मनाला लावून घेतला.

चौथा, सिद्धप्पांच्या वडिलांनी प्लेगच्या दिवसांनंतर लिलावात घेतलेला पितळी हातपंप. घरोघरी औषध फवारलेला. त्याला अजून फिनेलचा वास येई, व हाच त्याच्या अनुभवाचा दाखला मानण्यात आला. शिवाय तो फुकट होता.

"लई नामी चीज हाय की हो, आबासाहेब," सिद्धप्पा म्हणाले. "आमच्या अप्पानं जपून ठिवलंय. आजपर्यंत कुनाची तक्रार न्हाय."

"तक्रार करायला कोणी उरलं असेल तर ना!" वकील म्हणाले. गुलाबदाणीचे त्यांच्या मनातून गेले नव्हते.

रीतसर परीक्षा घ्यायचे ठरले. मोतिया रंगाचा डबा एकच, तोही महाग. तो परीक्षेत वाया घालवणे कोणालाच पटेना. म्हणून परीक्षा पाण्याने झाली.

अंगणात मोटारीसमोर खुर्च्या मांडल्या. सिद्धप्पांनी दांडा दाबला, आणि पंपातून असा झिरझिरीत, असा एकसारखा तुषार निघाला की उतरत्या उन्हात त्या काळ्या टपावर क्षणभर इंद्रधनुष्य उभे राहिले. दारात उभ्या असलेल्या लीलेने ते रंग एकेक करून विझताना पाहिले.

"आबा," ती म्हणाली, "पाण्यानं काय कळणार? थोडा रंग घालून बघा की."

"वेडी आहेस. रंग काय रोज घालायचा असतो?" आबासाहेब म्हणाले. "पाण्यात चांगला आहे ना? मग रंगात वाईट कसा असेल? वाहतं ते वाहतं."

या सिद्धांतावर ठराव एकमताने संमत झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पंपात रंग भरला. दांडा दाबला. पंप प्रथम काही बोलला नाही. मग म्हाताऱ्या माणसासारखा खाकरला, आणि त्याने मोटारीवर एक थेंब टाकला. मग दुसरा. मग, जोर केल्यावर, एकदम मूठभर. डबा संपला तेव्हा मोटार काळीच होती. मात्र तिच्यावर बारीकमोठे मोतिया ठिपके उठले होते. सिद्धप्पांच्या धोतरावरही उठले होते, व तिथे ते अधिक एकसारखे होते.

सकाळी वऱ्हाड आले. मथुराबाईंनी मांडवाकडे पाहिले नाही, थेट मोटारीपाशी गेल्या. आबासाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. मांडवात नवरी उभी, ताशा गरम झालेला, आणि या बाईंच्या एका शब्दावर सगळे उधळणार.

"आवो पाव्हणं," त्या सावकाश म्हणाल्या, "ही तर ठिपक्यांची काळी चंद्रकळा हाय की! संक्रांतीला नेसवली असती तर शोभली असती. लग्नाला कशी चालंल?"

त्यांनी मुलाकडे वळून पाहिले. "चल रं हिंदुराव."

हिंदुरावांनी बाशिंगाला हात घातला. त्यांनी आईची आज्ञा आजवर मोडली नव्हती. (हा त्यांचा गुण सुपारीच्या वेळी विशेष करून सांगण्यात आला होता.)

"थांबा की वो, थांबा!" सिद्धप्पा धावले. त्यांनी दुकानातून लालभडक चादरींचा गठ्ठा आणून टपापासून चाकांपर्यंत मोटार गुंडाळली. वरून झेंडूच्या माळा सोडल्या. पुढची काच तेवढी उघडी राहिली.

"आता कुटं काळी दिसतीया, सांगा?"

मथुराबाईंनी मोटारीला एक फेरी घातली. काळे दिसत नव्हते. अट दिसण्याचीच होती. त्या प्रसन्न झाल्या.

वरात थाटात निघाली. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी रंगाची तारीफ केली. उरलेल्या निम्म्यांनी, कोणाकडून लावून घेतलात, असे विचारले. आबासाहेबांनी दोघांनाही हातपंपाची शिफारस केली. तो पंप त्यानंतर तीन घरी मागून नेण्यात आला, व तिन्ही घरी पाण्याने उत्तम चालला.

संक्रांतीला आबासाहेब कुर्डुवाडीस गेले. लीलेने काळी चंद्रकळा नेसली होती. क्वार्टरात नळ होता. हिंदुराव घरी होते. आईने आतून हाक मारली तसे, बोलता बोलता वाक्य अर्धे टाकून उठून गेले. आबासाहेबांनी आवाज खाली आणून विचारले, "बरं चाललंय ना, लीले?"

लीलेने नळाखाली तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"चाललंय की, आबा," ती म्हणाली. "पाण्यानं पाहिलं होतं, तेव्हा फारच छान होतं."

आबासाहेब पाणी प्यायले. चांगले गोड पाणी होते.

वाचकांनी त्यांना अवश्य हसावे. हसून झाल्यावर भिंतीवरची आपल्या लग्नाची तसबीर एकदा खाली उतरवून पुसावी. तीत माळा स्पष्ट दिसतील, चादरींची नक्षीही दिसेल. खालच्या मोटारीचा रंग कोणता होता, ते मात्र घरात दुसरे कोणी नसताना आठवावे.