लाल चप्पल आणि दोन एजंट

टिंगूच्या आईने घराचे सगळे दोष वहीत लिहून काढले तेव्हा ते एकोणीस भरले. स्वयंपाकघरातला नळ कण्हायचा. बेडरूमची खिडकी एकदा उघडली की मिटायला तयार नसायची. हॉलमधली कोपऱ्यातली फरशी डुगडुगायची. आणि बाथरूमचं दार! त्याच्याखाली तिने दोन रेघा ओढल्या. ते पूर्ण लागलं, की ना आतून उघडायचं ना बाहेरून. म्हणून टिंगूची एक लाल चप्पल कायम दाराच्या फटीत मुक्कामाला असे, आणि आत गेलेलं माणूस आपण आत आहोत हे कळावं म्हणून मोठ्याने गात असे. घरात कुणालाच सूर नव्हता, पण सगळ्यांना सराव होता.

तीन महिन्यांनी घरात चौथं माणूस येणार होतं. पाळणा ठेवायचा तर फ्रिज जिन्यात काढावा लागला असता. हे घर विकल्याशिवाय मोठं घेता येत नव्हतं, आणि विकायचं तर एजंट हवा.

"हे एकोणीसच्या एकोणीस दोष जो झाकेल, तो आपला एजंट," तिने नवऱ्याला सांगितलं.

"आणि मग नवीन घरही आपल्याला तोच दाखवणार?" नवऱ्याने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

"तुला ऑफिसला उशीर होतोय."

तिने दोन एजंट निवडले होते. त्यांची परीक्षा घ्यायला खोटं गिऱ्हाईक म्हणून नणंदेला बोलावलं. "ताई, तुम्ही फक्त प्रत्येक गोष्टीला नाक मुरडायचं."

"ते मला शिकवू नकोस. तुला बघायला आलो होतो, तेव्हाही ते काम माझ्याकडेच होतं."

सकाळपासून टिंगूच्या आईने घर घासूनपुसून लख्ख केलं. अकरा वाजता पहिला एजंट आला. त्याच्या आधी त्याच्या अत्तराचा वास आला. नणंदेने नळाला नाक मुरडलं, तर तो म्हणाला, "ऐका मॅडम, पाण्याला जोर किती आहे." फरशी हलली, तर म्हणाला, "खालून हवा खेळती राहते." खिडकी मिटेना, तेव्हा तर तो हसलाच. "अशा घरात कोंदटपणा शिरणारच नाही." टिंगूची आई वहीत पटापट बरोबरच्या खुणा करत होती.

"आणि हे बाथरूमचं दार. असं लाकूड आता शोधून सापडणार नाही. या, आतून दाखवतो." त्याने नणंदेला आत घेतलं आणि दार ओढलं.

खट्ट.

टिंगूच्या आईने फटीकडे पाहिलं, मग चपलांच्या रॅककडे. लाल चप्पल धुऊन, पुसून, आपल्या जोडीदारिणीशेजारी ऐटीत बसली होती. सकाळी तिनेच तिथे ठेवली होती.

"बघितलंत मॅडम? बाहेरचा आवाजसुद्धा येत नाही," आतून ऐकू आलं. थोड्या वेळाने तोच आवाज जरा पातळ झाला. "मॅडम, हे उघडतं कसं?"

तिने नवऱ्याला फोन लावला.

"तू चप्पल काढलीस?"

"लोक यायचे म्हणून आवरलं रे."

"मला यायला तास लागेल. तोवर त्यांना गायला सांग."

तिने फोन ठेवला आणि दारावरची बेल वाजली. दुसऱ्या एजंट, चष्मेवाल्या बाई, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधीच दारात उभ्या होत्या. आणि मागे एक आजी-आजोबा. खरं गिऱ्हाईक.

"इथूनच चाललो होतो, म्हटलं घेऊनच जाऊ," बाई म्हणाल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. "नळ कण्हतोय, आतलं वॉशर गेलंय. खिडकी फुगलीय. ही फरशी सुटलीय, आजी, जपून."

वाक्यागणिक टिंगूच्या आईला पाळणा एकेक मैल लांब जाताना दिसत होता. आजोबा मात्र प्रत्येक ठिकाणी वाकून, डोळे बारीक करून बघत होते. झाकली मूठ पार उघडली होती. इतक्यात बाथरूममधून नणंदेचं गाणं सुरू झालं. माहेरची सवय.

"कोण गातंय?" आजींनी विचारलं.

"माझी नणंद. रियाज करतात."

मग त्यात एक पुरुषी आवाज मिसळला.

"आणि हे?"

"ते अत्तरकाका," टिंगूने खुलासा केला. "आत्या आणि ते अडकलेत. आईने माझी चप्पल काढली ना."

टिंगूच्या आईने टिंगूला मागे ओढलं.

"म्हणजे दारही बिघडलंय," आजी म्हणाल्या. "आणखी काय काय बिघडलंय?"

आता लपवायला उरलं होतंच काय? तिने वही पुढे केली. "एकोणीस आहेत."

"एकोणीस!" आजींचा चेहरा उजळला. "अहो, ऐकलंत का? एकोणीस आहेत." मग तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "आयुष्यभर मशिनी दुरुस्त केल्या यांनी. रिटायर होऊन सहा महिने झाले. आमचं घर दुरुस्त करून संपलं. आता चालू घड्याळं उघडून बसतात. परवा तर माझी कवळी मागत होते."

"म्हणून तर इथे आणलं," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "फोनवर तुम्ही तीनदा म्हणालात, घरात काही म्हणजे काहीच दोष नाही. तेव्हाच ओळखलं, भरपूर असणार."

आजोबांनी शर्टाच्या खिशातून पेनासारखा स्क्रूड्रायव्हर काढला आणि दारासमोर मांडी घातली. दहाव्या मिनिटाला दार उघडलं. अत्तरवाले घामाने निथळत बाहेर आले आणि कपाळ पुसत पुसत म्हणाले, "बघितलंत आजोबा, दार किती मजबूत आहे."

मागून नणंद आली. "अगं, माणूस भारी आहे. रविवारी मी त्याच्याबरोबर फ्लॅट बघायला चाललेय."

"ताई, तुम्हाला कुठे घर घ्यायचंय?"

"आत जाईपर्यंत नव्हतं घ्यायचं."

आजोबांनी घर घेतलं. बोलणी करताना त्यांची एकच अट होती, जाण्याआधी तुम्ही कशालाही हात लावायचा नाही.

तीन आठवड्यांनी चष्मेवाल्या बाईंनी टिंगूच्या आईबाबांना एक मोठं घर दाखवलं. पाळण्यासाठी वेगळी खोली, भरपूर उजेड. बाई आपल्या रीतीप्रमाणे दोष सांगत होत्या आणि टिंगूची आई ते वहीत उतरवत होती. कितीतरी दिवसांनी तिला गाढ शांत वाटत होतं. सगळे मिळून चारच निघाले.

"आणि चौथा," बाई म्हणाल्या, "बाथरूमचं दार. जरा अडकतं."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, तोवर टिंगूने पायातली लाल चप्पल काढली, दाराच्या फटीत नीट सारली, आणि आत जाऊन मोठ्याने गायला सुरुवात केली.